मॉडेलची अचूकता 97 टक्के आली आहे, याचा शोधनिबंध होईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा संगणकशास्त्राचा पदवीधर आहे. त्याने इंटरनेटवर खुला असलेला लहान मुलांच्या छातीच्या एक्स-रेंचा संच घेतला, त्यावर न्यूमोनिया ओळखणारं मॉडेल शिकवलं आणि त्याची अचूकता 97 टक्के भरली. याचा शोधनिबंध होईल का, वैद्यकीय संशोधनात यायचं तर जीवशास्त्र किती शिकावं लागेल, आणि रुग्णालयाचा खरा डेटा कसा मिळवायचा, हे त्याला जाणून घ्यायचं आहे.

डॉक्टर, जीवशास्त्रज्ञ आणि प्रोग्रॅमर यांच्या मधल्या जागेत मी बरीच वर्षं काम करते आहे. हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो आणि तो विचारणारी मुलं बहुतेक वेळा हुशार आणि मेहनती असतात, म्हणून सविस्तर लिहिते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबेल. बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतात.

तुमचा 97 हा आकडा खरा आहे, पण तो न्यूमोनियाबद्दल आहे की आणखी कशाबद्दल, हे अजून कुणालाच माहीत नाही. तुम्ही वापरलेला संच चीनमधल्या ग्वांगझूच्या महिला व बाल रुग्णालयातून आलेला आहे. एक ते पाच वर्षं वयाची मुलं, सुमारे 5,800 चित्रं, आणि त्यातली जवळपास तीन चतुर्थांश न्यूमोनियाची. म्हणजे एक्स-रेकडे न बघता प्रत्येकाला ‘न्यूमोनिया’ म्हणणारा प्रोग्रॅमसुद्धा या संचावर सत्तरीच्या पुढे जाईल. त्यामुळे 97 ची तुलना शून्याशी किंवा पन्नासशी करू नका, या आळशी प्रोग्रॅमशी करा. मग तो आकडा एवढा उंच दिसत नाही.

याच संचाचं पुढे काय झालं तेही ऐका. कोविडच्या पहिल्या वर्षात एक्स-रे आणि सीटी स्कॅनवरून कोविड ओळखणाऱ्या मॉडेलांचा पूर आला. कोविडचे एक्स-रे मोठ्या माणसांचे होते. ‘कोविड नसलेल्या’ बाजूला मात्र अनेकांनी हाच ग्वांगझूचा लहान मुलांचा संच जोडून टाकला. मॉडेल सुरेख शिकलं, पण शिकलं ते मूल आणि प्रौढ यांतला फरक. 2021 मध्ये केंब्रिजच्या गटाने अशा कामांचा आढावा घेतला. त्यांना 2,212 अभ्यास सापडले, बारीक तपासणीत 62 उरले, आणि त्या 62 पैकी रुग्णांवर वापरता येईल असं एकही निघालं नाही. ही सगळी माणसं अडाणी नव्हती. त्यांनी चित्रं उतरवून घेतली, फोल्डर केले, मॉडेल चालवलं. ती चित्रं फोल्डरमध्ये येण्याआधी कुठे होती, हे मात्र विचारलं नाही.

मला या सगळ्या उत्तरात एकच गोष्ट सांगायची आहे: रुग्णापासून फाइलपर्यंतचा डेटाचा प्रवास तपासणं हेच या क्षेत्रातलं मुख्य संशोधन आहे. मॉडेल बांधणं त्या मानाने सोपं झालं आहे.

हा प्रवास कसा फसवतो याचं मला सगळ्यांत उपयोगी वाटणारं उदाहरण 2018 सालचं आहे. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातल्या संशोधकांनी तीन ठिकाणचे छातीचे एक्स-रे घेतले: त्यांचं स्वतःचं रुग्णालय, अमेरिकेची एनआयएच ही सरकारी संशोधन संस्था, आणि इंडियाना विद्यापीठाची रुग्णालयं. पहिल्या दोन ठिकाणांचा डेटा एकत्र करून न्यूमोनियाचं मॉडेल शिकवलं. त्याच दोन ठिकाणांच्या, पण न पाहिलेल्या रुग्णांवर एयूसी 0.931 आला (आजारी आणि निरोगी यांना मॉडेल किती नीट वेगळं करतं याचं हे माप, 1 म्हणजे बिनचूक, 0.5 म्हणजे नुसता अंदाज). इंडियानाच्या एक्स-रेंवर तोच 0.815 वर घसरला.

कारण शोधायला गेल्यावर जे दिसलं ते मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगते. माउंट सिनाईच्या संचात न्यूमोनियाचं प्रमाण 34 टक्के होतं, एनआयएचमध्ये जेमतेम 1 टक्का. मग मॉडेलला फुप्फुस वाचायची गरजच काय? एक्स-रे कुठल्या रुग्णालयाचा हे ओळखलं की अर्धं काम झालं. आणि रुग्णालय ओळखणं फारच सोपं निघालं, ते काम न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारी मॉडेलची गणिती रचना) 99.9 टक्क्यांहून अधिक अचूकतेने करत होतं. तंत्रज्ञ एक्स-रे काढताना डावी-उजवी बाजू कळावी म्हणून कोपऱ्यात धातूची छोटी खूण ठेवतात. प्रत्येक ठिकाणची ती खूण वेगळी, तिची जागा वेगळी, चित्राची कड कापायची पद्धत वेगळी. त्यांनी आणखी एक हिशेब केला. एक्स-रे अजिबात न बघता, केवळ ‘हा या रुग्णालयाचा’ एवढ्यावर रुग्णांची क्रमवारी लावली तरी एयूसी 0.861 येत होता. ज्या निबंधात 0.86 आला की लेखक खूश होतात, तेवढा आकडा फुप्फुसाकडे एकदाही न बघता मिळत होता.

यातून तुमच्यासाठी एक चाचणी निघते, ती आजच करा. प्रत्येक एक्स-रेचा मधला भाग, म्हणजे दोन्ही फुप्फुसं आणि हृदय, काळ्या चौकोनाने झाकून टाका. उरलेल्या कडांवर तेच मॉडेल नव्याने शिकवा. त्याची अचूकता त्या आळशी प्रोग्रॅमच्या आसपास आली तर ठीक. पण कडांवरूनच 85-90 येत असेल, तर 97 मधला किती भाग न्यूमोनियाचा आणि किती भाग खांदे, अक्षरं, वायरी आणि कापलेल्या कडांचा, हे तुम्हाला सांगता यायला हवं. मी कुठलंही नवं काम हातात घेतलं की आधी हीच चाचणी लावते. चित्रांऐवजी रक्ताचे अहवाल असतील तर आजाराचे सगळे रकाने काढून नुसती तारीख, वॉर्ड आणि मशीनचा क्रमांक ठेवते आणि त्यावरून निदान ओळखता येतं का बघते. अनेकदा येतं.

दुसरी तपासणी ट्रेनिंग (मॉडेलला शिकवायची चित्रं) आणि टेस्ट (त्याची परीक्षा घ्यायची चित्रं) यांच्या विभागणीची. एकाच मुलाचे दोन एक्स-रे असतील आणि एक ट्रेनिंगमध्ये, दुसरा टेस्टमध्ये गेला असेल तर पेपर फुटलेला आहे. मॉडेल त्या मुलाच्या बरगड्या ओळखून गुण मिळवतं. विभागणी चित्रांची नको, रुग्णांची हवी. फाइलच्या नावात रुग्णाचा क्रमांक असतो, तो वेगळा काढा आणि दोन्हीकडे तोच क्रमांक येतो का ते बघा. हे दहा मिनिटांचं काम आहे आणि आजही कितीतरी निबंधांमध्ये ते झालेलं नसतं. चित्रं फिरवून, उजळून त्यांची संख्या वाढवली असेल तर ते विभागणीनंतर केलं की आधी, हेही तपासा. आधी केलं असेल तर एकाच चित्राची भावंडं दोन्ही बाजूंना बसलेली असतात.

आता लेबलांकडे या. तुमच्या फोल्डरवर ‘न्यूमोनिया’ लिहिलं आहे म्हणजे नेमकं काय? संगणकशास्त्रातून आलेल्यांना लेबल म्हणजे सत्य वाटतं, मांजराच्या चित्रावर मांजर असतं तसं. एक्स-रेवर दिसतो तो पांढरा डाग. फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांमध्ये हवेऐवजी काहीतरी भरलं की तो भाग पांढरा दिसतो. ते ‘काहीतरी’ पू असेल तर न्यूमोनिया, हृदय कमजोर झाल्याने साचलेलं पाणी असेल तर वेगळा आजार, रक्त असेल तर तिसराच. फुप्फुसाचा भाग मिटला तरी पांढरं दिसतं. अनुभवी रेडिओलॉजिस्टही नुसत्या फिल्मवर ठाम बोलत नाही, त्याला ताप, खोकला, पांढऱ्या पेशींचा अहवाल हवा असतो. म्हणजे लेबल हे कुणीतरी, काही माहितीच्या आधारे दिलेलं मत आहे. ते कुणी दिलं, त्याच्यापुढे किती माहिती होती, दोघांनी स्वतंत्रपणे बघितलं का, आणि त्यांचं एकमेकांशी किती जुळलं, हे लिहिल्याशिवाय तुमच्या 97 ला अर्थ नाही. दोन डॉक्टरांचंच आपसात 85 टक्के जुळत असेल, तर 97 टक्के जुळणारं मॉडेल त्यातल्या एका डॉक्टरची सवय शिकलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. एनआयएचच्या मोठ्या संचातली लेबलं तर एक्स-रे बघून लावलेलीच नव्हती. जुन्या अहवालांचा मजकूर प्रोग्रॅमने वाचून ती काढली होती.

याच एनआयएचच्या संचातली आणखी एक गोष्ट. फुप्फुसाभोवती हवा अडकून फुप्फुस मिटणं, ज्याला डॉक्टर न्यूमोथोरॅक्स म्हणतात, त्याचं एक मॉडेल 0.87 एयूसी देत होतं. तपासणाऱ्यांनी रुग्णांचे दोन गट केले. ज्यांच्या छातीत हवा काढायची नळी आधीच घातलेली होती त्यांच्यात आकडा 0.94 होता, नळी नसलेल्यांत 0.77. मॉडेलने नळी ओळखायला शिकून घेतलं होतं. ज्याला नळी घातली आहे त्याचं निदान झालेलं आहे, उपचारही चालू आहेत, त्याला मॉडेलची गरज नाही. गरज आहे त्या दुसऱ्याला, ज्याच्याकडे अजून कुणाचं लक्ष गेलेलं नाही, आणि नेमका तिथेच आकडा पडतो. सरासरी आकड्यात हे दिसत नाही. म्हणून माझा आग्रह असा की सरासरीच्या खाली गटवार आकडे द्याच: वय, लिंग, मशीन, झोपून काढलेला की उभं राहून काढलेला एक्स-रे, उपचार सुरू झालेले की न झालेले.

उपचार डेटात कसे लपून बसतात याची सर्वांत जुनी आणि अजूनही ताजी कथा 1990 च्या दशकातली आहे. अमेरिकेतल्या एका प्रकल्पात न्यूमोनियाच्या रुग्णांपैकी कुणाच्या मृत्यूचा धोका जास्त आहे हे वर्तवायचं होतं. धोका कमी असेल त्याला घरी पाठवायचं आणि जास्त असेल त्याला दाखल करायचं, असा उद्देश. अनेक पद्धती लावून पाहिल्या. न्यूरल नेटवर्क सर्वांत अचूक ठरलं. पण त्याच डेटावर नियम काढणारी एक साधी पद्धतही चालवली होती, आणि तिने एक नियम काढला: रुग्णाला दमा असेल तर मृत्यूचा धोका कमी.

कुठलाही डॉक्टर हे ऐकून चमकेल. दमा असलेल्याला न्यूमोनिया झाला तर तो जास्त गंभीर. पण डेटा खोटं बोलत नव्हता. दमा असलेला रुग्ण न्यूमोनिया घेऊन आला की डॉक्टर त्याला थेट आयसीयूत हलवत होते, त्याच्यावर बारीक लक्ष ठेवत होते, आणि म्हणून तो वाचत होता. नोंदवहीत आयसीयूमुळे मिळालेलं जीवदान दम्याच्या खात्यावर जमा झालं होतं. हे मॉडेल लागू केलं असतं तर दमा असलेल्यांनाच घरी पाठवलं गेलं असतं. न्यूरल नेटवर्कच्या आतही हेच बसलेलं असणार, फक्त ते डोळ्यांना दिसत नव्हतं. त्यामुळे त्या गटाने सर्वांत अचूक मॉडेल बाजूला ठेवलं आणि कमी अचूक पण वाचता येणारं मॉडेल निवडलं. मला हा निर्णय आजही मोलाचा वाटतो. रुग्णालयातला डेटा निसर्गाची नोंद नसतो, डॉक्टरांनी निसर्गात केलेल्या हस्तक्षेपाची नोंद असतो. तुम्ही ‘काय झालं’ शिकवता, डॉक्टरला हवं असतं ‘मी अमुक केलं तर काय होईल’. ही दोन वेगळी गणितं आहेत आणि दुसऱ्यासाठी कार्यकारणभावाचं शास्त्र वेगळं शिकावं लागतं.

जीवशास्त्राच्या बाजूला आलं की हेच सगळं वेगळ्या वेषात भेटतं. 2002 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये एक काम आलं आणि फार गाजलं. रक्ताच्या थेंबातल्या प्रथिनांचा आलेख मशीनवर काढायचा आणि त्यातल्या नक्षीवरून अंडाशयाचा कर्करोग ओळखायचा. हा कर्करोग उशिरा कळतो आणि म्हणून जीवघेणा ठरतो, त्यामुळे आशा खूप मोठी होती. तपासणीच्या संचात 116 नमुने होते. कर्करोग असलेल्या 50 पैकी 50 ओळखले गेले, नसलेल्या 66 पैकी 63. पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी 94 टक्क्यांना खरोखर कर्करोग होता.

इथे दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली साध्या अंकगणिताची. त्या संचात जवळपास निम्म्या स्त्रियांना कर्करोग होता. प्रत्यक्षात पाळी थांबलेल्या वयातल्या सुमारे अडीच हजार स्त्रियांमागे एकीला तो असतो. 10,000 स्त्रियांना ही चाचणी लावा. कर्करोग असलेल्या चौघी सापडतील, पण उरलेल्यांपैकी 5 टक्के, म्हणजे सुमारे 500 निरोगी स्त्रियांनाही पॉझिटिव्ह अहवाल मिळेल. 94 टक्क्यांचे 1 टक्क्याहूनही कमी झाले. मॉडेल तेच, मशीन तेच, फक्त समोर येणारी माणसं बदलली. आणि या पाचशे जणींची पुढची खात्री करायची तर पोटाची शस्त्रक्रिया करावी लागते. तुमच्या न्यूमोनियाच्या मॉडेललाही हे गणित लावा. तीन चतुर्थांश आजारी मुलांच्या संचातला आकडा, दहात एक आजारी असलेल्या बाह्यरुग्ण विभागात किती उरतो ते कागदावर काढा.

दुसरी गोष्ट प्रवासाची. टेक्सासच्या एमडी अँडरसन कर्करोग केंद्रातल्या कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्स यांनी आपल्या सहकाऱ्यांसह तोच खुला डेटा पुन्हा तपासला. आलेखाच्या ज्या भागात फक्त मशीनचा गोंगाट असतो, जिथे जैविक अर्थ लावता येत नाही, त्या भागावरूनही कर्करोगी आणि निरोगी नमुने वेगळे पडत होते. म्हणजे दोन्ही गटांचे नमुने हाताळण्यात किंवा मोजण्यात कुठेतरी फरक पडला होता. आम्ही याला बॅच इफेक्ट म्हणतो. एका दिवशी आजारी माणसांचे नमुने लावले आणि दुसऱ्या दिवशी निरोगी माणसांचे, तर मॉडेल दिवस ओळखतं. नंतर कितीही हुशार गणित केलं तरी हे दुरुस्त होत नाही, कारण दिवस आणि आजार डेटात एकमेकांना चिकटलेले असतात. त्यावर उपाय एकच, नमुने मशीनवर चढवण्याआधी दोन्ही गट मिसळणे. म्हणून प्रोग्रॅमरने प्रयोग संपल्यावर नाही, प्रयोग ठरताना त्या खोलीत असायला हवं.

याच दोघांनी पुढे ड्यूक विद्यापीठातल्या एका कामाचा पाठपुरावा केला. पेशींमधल्या जनुकांच्या हालचालीवरून कुठल्या रुग्णाला कुठलं केमोथेरपीचं औषध लागू पडेल हे सांगण्याचा तो दावा होता. आकडे जुळेनात म्हणून त्यांनी उलट बाजूने शोध घेतला, तेव्हा जनुकांच्या यादीत सगळ्या ओळी एकेका घराने सरकलेल्या सापडल्या. काही ठिकाणी ‘औषध लागू पडतं’ आणि ‘लागू पडत नाही’ ही लेबलंच उलटी झालेली होती. आणि या कामाच्या आधारावर रुग्णांवर चाचण्या सुरू झालेल्या होत्या. त्यांनी 2009 मध्ये हे सगळं छापलं. चाचण्या 2010 मध्ये कायमच्या थांबल्या आणि मूळ निबंध मागे घेतले गेले. एक ओळ सरकणं ही प्रोग्रॅमिंगमधली किती क्षुल्लक वाटणारी चूक, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला कर्करोगाचा रुग्ण चुकीच्या औषधावर. मी कोडची तपासणी दुसऱ्या माणसाकडून करून घेतल्याशिवाय निकाल बाहेर जाऊ देत नाही, त्याचं कारण हे प्रकरण आहे.

एक्सेलबद्दलही सांगते. ‘सेप्ट-2’ आणि ‘मार्च-1’ नावाची जनुकं होती. एक्सेल त्यांना तारीख समजून बदलून टाकतं. 2016 मध्ये काहींनी मोजलं तेव्हा, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या जनुकशास्त्राच्या निबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशी मोडलेली नावं निघाली. शेवटी 2020 मध्ये जनुकांचीच नावं बदलावी लागली, ती आता ‘सेप्टिन’ आणि ‘मार्च-एफ’ अशी आहेत. जुन्या फाइली मात्र तशाच फिरत आहेत.

एवढं वाचून वाटेल की या क्षेत्रात काही नीट होतच नाही. तसं नाही, आणि जे नीट झालं ते का झालं हे पाहण्यासारखं आहे. प्रथिनाची अमिनो आम्लांची साखळी दिली तर त्याचा त्रिमितीय आकार कसा असेल, हा प्रश्न पन्नास वर्षं अडलेला होता. 2020 मध्ये अल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रोग्रॅमने त्यात फार मोठी मजल मारली आणि 2024 मध्ये तो घडवणारे डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना डेव्हिड बेकर यांच्यासोबत रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. सगळे नेटवर्कच्या रचनेचं कौतुक करतात, ते योग्यच आहे. मला त्यामागच्या दोन जुन्या गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात. प्रोटीन डेटा बँक 1971 मध्ये अवघ्या सात रचनांवर सुरू झाली. तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांनी वर्षानुवर्षं कष्ट करून मोजलेला एकेक आकार ठरलेल्या साच्यात, सर्वांना खुला करून तिथे ठेवला. अल्फाफोल्ड शिकलं तेव्हा असे दीड लाखाहून जास्त आकार जमलेले होते. आणि दुसरी, कॅस्प नावाची स्पर्धा, 1994 पासून दर दोन वर्षांनी होणारी. तिच्यात अशा प्रथिनांचे आकार विचारतात जे प्रयोगशाळेत नुकतेच मोजले गेलेत पण अजून प्रसिद्ध झालेले नाहीत. उत्तर बघून अभ्यास करायची सोयच नाही. मोजमाप स्वच्छ आणि परीक्षा आंधळी, हे दोन्ही असलं तर यश खरं ठरतं. वैद्यकीय डेटाला ही दोन्ही सुखं क्वचित मिळतात. म्हणून ‘अल्फाफोल्डने केलं, मग एक्स-रेचं का होत नाही’ ही तुलना मला पटत नाही.

बाहेरच्या डेटावर आकडा टिकला तरी काम संपत नाही. गूगलचं मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर होणारा परिणाम ओळखणारं मॉडेल उत्तम होतं आणि नीट तपासलेलं होतं. ते थायलंडमधल्या 11 दवाखान्यांत नेलं, तिथल्या अनुभवाचा अभ्यास 2020 मध्ये आला. 1,838 फोटोंपैकी 21 टक्के फोटो मॉडेलने दर्जा पुरेसा नाही म्हणून नाकारले. खोलीत अंधार करायची सोय नाही, रांग लांब, फोटो अपलोड व्हायला वेळ. फोटो नाकारला की नियमाप्रमाणे रुग्णाला दुसऱ्या रुग्णालयात जा म्हणून सांगायचं, मग तो फोटो नर्सला स्वतःला नीट दिसत असला तरी. अशी अडचण अचूकतेच्या आकड्यात कधीच उमटत नाही, तिथे जाऊन उभं राहिल्यावरच कळते.

याउलट स्वीडनमध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणीत 80,000 हून अधिक स्त्रियांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत विभागलं. एका गटाच्या मॅमोग्राफी दोन रेडिओलॉजिस्टनी नेहमीप्रमाणे वाचल्या, दुसऱ्या गटात मॉडेलने आधी चाळणी लावली. 2023 मध्ये आलेल्या पहिल्या निकालात मॉडेलच्या गटात दर हजारी 6.1 कर्करोग सापडले, नेहमीच्या पद्धतीत 5.1, आणि वाचनाचं काम 44 टक्क्यांनी कमी झालं. नवीन औषधाला जी कसोटी लावतात तीच इथे प्रोग्रॅमला लावली. माझ्या मते हाच या विषयातला सर्वांत पटणारा पुरावा आहे.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर: आज आहे त्या स्वरूपात शोधनिबंध होणार नाही, आणि झाला तरी तो कुणाच्या उपयोगाचा नाही. त्याच संचावर 97 चे 98 करण्यात सहा महिने घालवू नका. त्याऐवजी तेच मॉडेल दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या मशीनवरच्या एक्स-रेंवर चालवा. आकडा पडेल. तो का पडला याचा शोध घ्या: वय, मशीन, लेबलाची पद्धत, आजाराचं प्रमाण, एकेक घटक वेगळा करून. असं काम नीट केलं तर ते छापण्याच्या लायकीचं असतं आणि मी स्वतः ते आवडीने वाचेन. लिहिताना ‘ट्रायपॉड प्लस एआय’ ही अशा वैद्यकीय मॉडेलांबद्दल निबंधात काय काय सांगायचं याची 2024 ची मार्गदर्शक यादी समोर ठेवा. त्यातल्या ज्या मुद्द्यापुढे तुमच्याकडे उत्तर नसेल, तिथे तुमच्या कामात भोक आहे.

जीवशास्त्र किती शिकायचं? पुस्तकभर नाही. एक आजार निवडा आणि तो मुळापासून शिका: शरीरात काय बिघडतं, ते मोजतात कसं, मोजताना काय चुकतं. रक्ताचंच घ्या. नमुना काढताना लाल पेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं. नमुना वेगळा करायला उशीर झाला तर नळीतल्या पेशी साखर खात राहतात आणि अहवालात साखर कमी येते. रात्रीच्या नमुन्यांना उशीर होत असेल आणि गंभीर रुग्ण रात्री जास्त येत असतील, तर तुमचं मॉडेल शिकणार ते नळीच्या वाट बघण्याबद्दल. हे संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात शिकवत नाहीत, नमुने घेणाऱ्या तंत्रज्ञाशेजारी काही दिवस उभं राहिलात तर तो सहज सांगतो. सांख्यिकी मात्र पक्की हवी, आणि जगण्या-मरण्याच्या कालावधीचं विश्लेषण, म्हणजे सर्व्हायव्हल अॅनालिसिस, आलंच पाहिजे. कारण रुग्ण मध्येच यायचे थांबतात, आणि न आलेला रुग्ण बरा झाला म्हणून आला नाही की मेला म्हणून, हे फाइलला माहीत नसतं.

डॉक्टर सहकारी शोधताना ‘माझ्याकडे मॉडेल आहे, डेटा द्या’ असं सांगत जाऊ नका. त्यांचा वेळ कशात जातो, कुठला निर्णय घेताना त्यांना अंधारात उडी मारल्यासारखं वाटतं, हे विचारा. आणि मॉडेलने सर्वांत जास्त आत्मविश्वासाने चुकवलेले वीस-पंचवीस एक्स-रे घेऊन रेडिओलॉजिस्टच्या शेजारी बसा. त्या एका तासात जे कळतं ते महिनाभर आलेख काढून कळत नाही. ‘अहो, याच्या छातीत पेसमेकर आहे’, ‘हा तर श्वास पूर्ण न घेता काढलेला आहे’, अशी वाक्यं लिहून घेत जा.

राहिला डेटा. रुग्णालयाकडे जाण्याआधी खुले पण नियमाने मिळणारे संच वापरा. बोस्टनच्या एका रुग्णालयातल्या आयसीयूच्या नोंदींचा मिमिक हा संच रुग्णांच्या गोपनीयतेचं छोटं प्रशिक्षण पूर्ण करून आणि करारावर सही करून मिळतो. कर्करोगासाठी टीसीजीए हा गाठींच्या जनुकीय माहितीचा संच आहे, त्यात 33 प्रकारच्या कर्करोगांचे 11,000 हून अधिक रुग्ण आहेत. ब्रिटनमधल्या यूके बायोबँकेत पाच लाख लोकांची आरोग्याची माहिती आहे, तिथे मात्र अर्ज आणि शुल्क दोन्ही लागतं. रुग्णालयाचा स्वतःचा डेटा हवा असेल तर नाव काढून टाकलं की झालं असं समजू नका. एक्स-रेच्या डायकॉम फाइलमध्ये नाव, जन्मतारीख, कधी कधी पत्ताही आत दडलेला असतो, आणि काही मशीनं नाव थेट चित्रावरच छापतात. डोक्याच्या एमआरआयवरून चेहरा पुन्हा उभा करून चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला दिला, तर 84 पैकी 70 माणसं बरोबर ओळखली गेली, असं 2019 च्या एका अभ्यासात दिसलं आहे. म्हणून आधी रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीकडे अर्ज करा. त्यात संशोधनाचा प्रश्न, कुठले रकाने हवेत आणि प्रत्येक रकाना का हवा, फाइली कुठल्या संगणकावर राहतील आणि काम झाल्यावर त्यांचं काय होईल, हे सगळं लिहावं लागतं. परवानगीला महिने लागू शकतात, तेव्हा मॉडेलला हात लावण्याआधी हा अर्ज लिहायला घ्या. रकाना का हवा हे लिहिताना अडखळलात, तर तिथे थांबून डॉक्टर सहकाऱ्याला फोन करा.